खडी, मुरूम आणि चाळीस मिलिमीटरचं टायर

दूधवाल्याची काळी सायकल उभी दिसली तर तिच्या टायरच्या कडेवरचे उठावाचे आकडे एकदा वाचून पाहावेत. 28 × 1½ हा आकडा सायकलच्या दुकानात बसणाऱ्या कुणालाही पाठ असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत बहुतेक वेळा 40-635 असंही छापलेलं असतं. टायरची रुंदी चाळीस मिलिमीटर आणि रिमवर ते बसतं तिथला व्यास 635 मिलिमीटर, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाभोवती दोनशे मैलांची कच्च्या रस्त्यांची एक शर्यत 2006 साली सुरू झाली. आज ती अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने ओळखली जाते. तिथे उतरणाऱ्या, कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेल्या महागड्या सायकलींना ग्रॅव्हल बाइक म्हणतात, आणि त्यांची टायरंही चाळीस ते पन्नास मिलिमीटरच्या घरातलीच. म्हणजे रुंदीपुरतं बोलायचं तर कंधार-मुखेडच्या शिवारात ग्रॅव्हल बाइक कित्येक वर्षं फिरतेच आहे, फक्त तिच्या कॅरिअरला दुधाचे कॅन लटकतात.

मग नव्या सायकलीत वेगळं काय आहे? हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, पण टोकाला बाहेरच्या अंगाने पसरलेलं. फ्रेम रेसिंग सायकलीपेक्षा लांब, बसणं थोडं ताठ. डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गियर, आणि वजन दहा-अकरा किलो, म्हणजे काळ्या सायकलीच्या जवळपास निम्मं. शिमानोने 2019 मध्ये जीआरएक्स हा गियर-ब्रेकचा संच खास अशा सायकलींसाठी बाजारात आणला, आणि 2022 मध्ये यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने इटलीच्या व्हेनेतो भागात पहिली जागतिक ग्रॅव्हल स्पर्धा घेतली. तेव्हापासून हा प्रकार अधिकृत झाला. तसा तो नवा नाही. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच रुंद टायरच्या, हलक्या, गियरवाल्या प्रवासी सायकली बनत होत्या, आणि 1955 मध्ये इंग्लंडात डांबरी रस्ते सोडून फिरणाऱ्या हौशी लोकांनी रफ-स्टफ फेलोशिप नावाचं मंडळच काढलं होतं.

आपल्याकडे लांब पल्ल्याची सायकल रुजली ती मुख्यतः बीआरएममुळे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर पार करण्याच्या सायकलफेऱ्यांमुळे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत, असे त्याचे ठरलेले हिशेब. त्यात महाराष्ट्रातल्या डॉक्टरमंडळींचा वाटा मोठा. नाशिकचे महाजन बंधू 2015 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका जोडीने पूर्ण करून आले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये तीच एकट्याने. त्यानंतर मराठवाड्यातल्या पहाटेच्या ग्रुपांतही चढाओढ आली. पण हे सगळं सायकलिंग डांबराचं. राष्ट्रीय महामार्ग 361 नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा जातो. त्यावर अठ्ठावीस मिलिमीटरचं टायर पुरून उरतं. प्रश्न येतो तो एखाद्या फाट्यावर महामार्ग सोडून आत वळलं की. आणि आत वळल्याशिवाय ना खरोशाची लेणी नीट बघून होतात, ना होट्टलची देवळं, ना वडवळचं नागनाथ बेट.

आतल्या रस्त्यांचा सल्ला मात्र बहुतेक जण बाहेरून आणतात. कॅन्ससचा, कॅलिफोर्नियाचा, फार तर पुण्याच्या टेकड्यांचा. माझं म्हणणं एवढंच आहे की नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सायकल कशी लावायची हे कॅटलॉगवर कमी आणि जमिनीवर जास्त ठरतं, आणि त्याहून जास्त ठरतं ते महिन्यावर. मार्चमधला सेटअप जुलैत चालत नाही, आणि देगलूरला जमलेला सेटअप रेणापूरला फसतो.

आधी रस्ते बघू. परदेशात ज्याला ग्रॅव्हल म्हणतात तो बहुधा बारीक खडीचा, दाबून सपाट केलेला आणि अधूनमधून ग्रेडर फिरवलेला रस्ता असतो. आपल्याकडचं खडीकरण निराळं. त्यात चाळीस ते साठ मिलिमीटरची फोडलेली काळ्या दगडाची खडी अंथरतात, वर मुरूम पसरून पाणी मारून रोलरने दबाई करतात. काम ताजं असेल तेव्हा हा रस्ता डांबराहून सुखाचा. दोन पावसाळे गेले की वरचा मुरूम वाहून जातो आणि खालची गिट्टी मोकळी होते. तिला धार असते, ती टायरखाली गडगडते आणि उडून फ्रेमच्या पोटावर बसते. याच्या अलीकडे डांबर उखडलेले जिल्हा मार्ग, पलीकडे नुसता मुरूम टाकलेल्या पांदणी, आणि सगळ्यात शेवटी दोन चाकोऱ्यांची गाडीवाट. राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली तेव्हापासून रोजगार हमीच्या पैशातून पांदणींवर मुरूम-खडी पडू लागली. शेतकऱ्याच्या सोयीसाठी केलेल्या या कामाचा फायदा सायकलवाल्यांना आयता मिळतो. फोनच्या नकाशात या वाटा बहुधा नसतात. महाभूनकाशावर गाव नकाशा उघडला तर त्यातल्या तुटक रेषांवरून सार्वजनिक वाट कोणती आणि कुणाचा बांध कोणता हे कळतं. बांधावरून सायकल घालू नये. आधीच वाटेवरून भावकीची भांडणं कमी नाहीत.

आता जमीन. लातूरचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर, पाचशे मीटरच्या वर. नांदेड गोदाकाठी, साडेतीनशे-पावणेचारशेवर. मांजरा, तेरणा, गोदावरी, मन्याड या नद्यांच्या खोऱ्यांत भारी काळी माती. डोंगरउतारावर बरड, म्हणजे वर थोडी माती आणि खाली मुरूम. उदगीरकडून बीदरच्या बाजूला जांभ्याची लाल जमीन लागते. आणि नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, काळा दगड संपून ग्रॅनाइट सुरू होतो. तिथली वाट भरड वाळूची असते. पाऊस पडून गेला की ग्रॅनाइटची वाट तासाभरात सायकलीला तयार होते, बरडही दुपारपर्यंत होते. काळ्या मातीचं तसं नाही.

काळ्या मातीत काय होतं ते सावकाश सांगण्यासारखं आहे, कारण इथल्या सगळ्या सेटअपचं मूळ त्यातच आहे. पाऊस थांबून तास झालेला असतो, पांदण वरून सुकलेली दिसते. चाक आत जातं. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत टायरवर एक पातळ काळा थर चढतो. तो टायरचाच भाग वाटावा इतका सारखा. त्या थराला वाटेवरचं सोयाबीनचं भुसकट चिकटतं, भुसकटावर पुन्हा माती. भुसकट मिसळलेली माती हाताने ओढून निघत नाही, भिंतीला लावायच्या गिलाव्यासारखी ती बांधली जाते. वीस पावलांवर थर बोटभर जाड होतो आणि चिमट्याच्या आत घासायला लागतो. मागे पेडलच्या धुऱ्याजवळ जिथे फ्रेमच्या दोन नळ्या जवळ येतात तिथे गोळा अडकतो, आणि चाक फिरायचंच थांबतं. उतरून ढकलावं तर ते घसरत येतं, फिरत नाही. सायकल खांद्यावर घ्यावी तर मातीसकट तिचं वजन दुप्पट झालेलं. या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना आणि दुसऱ्या कशालाही धरून बसतात. बाटलीतलं पाणी ओतून त्यांना काही होत नाही. काडी घेऊन खरवडावं लागतं.

याला टायर कंपनीकडे उत्तर नाही, मोकळ्या जागेकडे आहे. फ्रेममध्ये पंचेचाळीसचं टायर मावतं असं कंपनी म्हणते, म्हणून जून ते सप्टेंबर पंचेचाळीसच लावून ठेवणं हा इथला नेहमीचा घोटाळा. मावतं याचा अर्थ दोन्ही बाजूंना चार-सहा मिलिमीटर सुटतात एवढाच, आणि काळी माती तेवढी जागा दहा फेऱ्यांत भरून काढते. पावसाळ्यात त्याच फ्रेमला पस्तीसचं टायर लावलं तर दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटरची भर पडते, आणि बऱ्याच वेळा माती आपली आपण गळून पडते. नक्षी मोठी आणि विरळ हवी. बारीक दाट गुट्ट्यांमध्ये माती घट्ट बसते, आणि मग नक्षी असून नसल्यासारखीच. पूर्ण लांबीचे मडगार्ड काढून ठेवावेत. खेड्यात मोटारसायकलवालेही पावसाळ्यात पुढचा मडगार्ड काढतात किंवा वर उचलून बांधतात, ते उगाच नाही. पाठीवरचा चिखल चालत नसेल त्याने सीटखाली एक लहान पट्टी लावावी.

आणि खरा उपाय सांगायचा तर वाफसा येऊ द्यावा. शेतकरी पेरणीला किंवा कोळपणीला ज्या वाफशाची वाट पाहतो तोच सायकलीलाही लागतो. मूठभर माती दाबून बघितली आणि ती हाताला न लागता गोळ्यातून फुटली, की पांदण सायकल चालवण्याजोगी झाली. तोवर मुरमाच्या वाटा आहेत. भर पावसाळ्यात ज्याला फिरायचंच आहे त्याने देगलूर-बिलोली बाजू किंवा माहूर-किनवटच्या डोंगराकडची मुरमाड बाजू धरावी. किनवट-माहूरला पाऊस लातूरपेक्षा बराच जास्त पडतो, पण तिथल्या उतारावर पाणी थांबत नाही. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा भरात असतो तोही त्याच दिवसांत.

उन्हाळ्यात दुखणं बदलतं. मातीला भेगा पडतात, आणि भेग चाकाच्या दिशेने असेल तर अरुंद टायर तिच्यात सरळ उतरतं. गाडीवाटेवर घोट्याएवढा फुफाटा साचतो. तिथे पंचेचाळीस, जमलं तर पन्नास मिलिमीटरचं टायर लावावं आणि हवा उतरवावी. त्यातच काट्यांचा हंगाम. बाभळीचा लांब पांढरा काटा, वेड्या बाभळीचा आखूड पण टणक काटा, आणि सराटे. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी त्याचं एक टोक वर असतंच. कुंपणाला नेलेल्या काट्या रस्त्यावरून फरफटत गेलेल्या असतात, त्यांची मोडकी टोकं आठवडाभर पडून राहतात. तूर काढल्यावर उरलेले तिरपे खुंट हा वेगळाच प्रकार: विळ्याने कापलेलं टोक भाल्यासारखं, आणि ते टायरच्या तळाला नाही तर कडेला लागतं. कड फाटली की पंक्चरची पट्टी कामाची नाही.

म्हणून ट्यूब की ट्यूबलेस हा वाद इथे काट्यांपुरता तरी निकालात निघालेला आहे. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत रबरी चिकाचं सीलंट असतं. काटा उपसला की चीक भोकात येऊन घट्ट होतो आणि हवा थांबते. सराट्याची दहा भोकं एका फेरीत बुजतात आणि स्वाराला पत्ताही लागत नाही. पण कंपनी ज्या मुदतीची हमी देते ती थंड देशातली. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या सायकलीतलं सीलंट फार लवकर आटतं आणि आत रबरी चोथा उरतो. मार्चपासून जूनपर्यंत दर महिन्याला व्हॉल्वचा गाभा काढून, काडी घालून ओल बघावी आणि गरजेप्रमाणे भर घालावी. मोठ्या भोकाला रबरी पट्टी खुपसायची असते, पण मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडची पट्टी जाड. ती खुपसताना भोकच मोठं होतं. सायकलची बारीक पट्टी आपल्याकडे हवी. कड फाटली तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा दुधाच्या पिशवीची चौपदरी घडी लावून ट्यूब घालायची, म्हणजे ट्यूबलेसवाल्यालाही एक ट्यूब जवळ बाळगावीच लागते. ज्याची सायकल महिन्यातून दोनदाच बाहेर पडते त्याने ट्यूबलेसच्या भानगडीत पडू नये असं माझं मत. ट्यूब, आत काटारोधक पट्टी आणि थोडी जास्त हवा, एवढं त्याला पुरतं.

हवेचा प्रश्न सगळ्यात फुकटचा, आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं. आपल्याकडे टायर दगडासारखं कडक असलं की सायकल पळते असा समज आहे. पंपवालाही अंगठ्याने दाबून बघतो आणि आणखी दोन दणके मारतो. सिअ‍ॅटलचे यान हाइन यांनी बायसिकल क्वार्टर्ली या नियतकालिकातून वर्षानुवर्षं चाचण्या छापून दाखवलं की खडबडीत रस्त्यावर कडक टायर सायकलीला आणि स्वाराला हादरवतं, आणि त्या हादऱ्यातच ताकद वाया जाते. त्याच नियतकालिकातून पुढे आलेला फ्रँक बर्टो यांचा एक साधा ठोकताळा आहे: स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे 15 टक्के दबलं पाहिजे. पंचाहत्तर किलोच्या माणसाने चाळीस मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये मागे 35 ते 38 पीएसआय आणि पुढे तीन-चार कमी, इथून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर मोकळ्या खडीवर रिम आणि दगड यांच्यामध्ये ती चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून सात-आठ पीएसआय वाढवावे. डांबरावर थोडी आणखी. फुफाट्यात उतरताना तीसच्या खाली गेलं तरी चालतं. यासाठी दाब दाखवणारा लहान पंप लागतो. हायवेवरच्या ट्रकच्या कॉम्प्रेसरवर सायकलचं चाक लावलं तर काटा कुठे जाईल सांगता येत नाही.

कॉम्प्रेसरचा विषय निघाला म्हणून व्हॉल्वचं सांगतो. काळ्या सायकलीचा व्हॉल्व म्हणजे रबरी नळीवाला जुना प्रकार. एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, मोटारसायकलसारखा जाड. ग्रॅव्हल बाइकचा बारीक, टोकाला पितळी चकती असलेला. बारीक व्हॉल्वला जाड करणारं पितळी टोपण दहा-वीस रुपयांचं. ते फ्रेमलाच टेपने चिकटवून ठेवावं. त्याच्याशिवाय लोहा ते अहमदपूर पट्ट्यातला एकही पंक्चरवाला इच्छा असूनही हवा भरून देऊ शकणार नाही.

मापांचा गोंधळ याहून मोठा. 700सी, 29 इंची आणि विलायती 28 इंची या तिन्हींच्या रिमचा व्यास 622 मिलिमीटर. म्हणजे ग्रॅव्हल बाइकची ट्यूब गेली तर 29 इंची एमटीबीची ट्यूब बसवून घरी येता येतं. 650बी आणि 27.5 इंची हे दोन्ही 584. मात्र लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादला 28ची ट्यूब-टायर मागितली तर दुकानदार 28 × 1½ काढून देईल, आणि ते 635चं टायर 622च्या रिमवर बसत नाही, तेरा मिलिमीटरने मोठं पडतं. इंच सांगू नयेत. टायरवरचा तीन आकडी व्यास दाखवावा. अडल्यावेळी सहज मिळण्याच्या दृष्टीने 650बीपेक्षा 622चं चाक बरं. 650बीचा फायदा एवढाच की त्याच फ्रेममध्ये आणखी रुंद टायर मावतं, आणि कमी उंचीच्या स्वाराचा बूट वळणावर पुढच्या चाकाला लागत नाही.

गियरबद्दल फार डोकं चालवायची गरज नाही. काळ्या सायकलीला पुढे अठ्ठेचाळीस आणि मागे अठरा दात असले तर पेडलच्या एका फेरीत ती सहा मीटर जाते. चढावर उतरून ढकलायची वेळ त्यामुळेच येते. ग्रॅव्हल बाइकला पुढे चाळीस आणि मागे सगळ्यात मोठी चकती बेचाळीस दातांची असेल तर तोच आकडा दोन मीटरच्या थोडा वर येतो. बालाघाटचे चढ लांब पण सौम्य. माहूरला गडाकडे जाताना मात्र हा हलका गियर लागतोच. पुढे एक चकती की दोन, यावर शहरांत तासन्‌तास वाद चालतो. माझ्या मते इथे एकच बरी. चेन सरकवणारं पुढचं डिरेलर हीच काळ्या मातीची आवडती जागा, तिथे गोळा अडकला की चेन उतरते. चाळीसला मागे अकरा लावून मिनिटाला नव्वदच्या गतीने पाय मारले तर सायकल ताशी त्रेचाळीस किलोमीटर पळते. त्याहून वेगात पांदणीवर जाऊन करायचं काय? बीआरएमही याच सायकलीवर करायची असेल तर पुढे 46-30 अशी जोडी बरी, कारण डांबरावर दोन गियरांमधलं अंतर कमी लागतं.

चेनला इंजिन ऑइल लावू नये. फुफाटा त्यात मिसळून घासणीचा लेप तयार होतो आणि चेन-चकत्या दोन्ही झिजतात. उन्हाळ्यात मेणाचं कोरडं वंगण. ते नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल थेंब-थेंब सोडून वरून फडक्याने कोरडं पुसलेलं चालतं.

ब्रेक डिस्कचेच हवेत. रिमला धरणारे ब्रेक चिखलात आधी गच्च होतात, मग रिमच खातात. हायड्रॉलिक ब्रेक बोटाच्या टोकाने लागतो, त्यात वाद नाही, पण त्यात हवा शिरली तर ती काढणारा सराईत हात तालुक्याच्या गावी सहसा सापडत नाही. केबलच्या डिस्क ब्रेकची केबल मात्र जवळजवळ कुठेही मिळते. नांदेड किंवा लातूर शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने हायड्रॉलिक घ्यावा, एकट्याने दूर जाणाऱ्याने केबलचा. पॅड धातुमिश्रित घ्यावेत. राळेचे पॅड काळ्या चिखलात बघता बघता संपतात.

हँडलचं कौतुक होतं तेवढं मला वाटत नाही. बाहेर पसरलेलं ड्रॉप हँडल उतारावर पक्कड देतं, वारा अंगावर आला की खाली वाकता येतं, हे खरं. पण ज्याचं सगळं आयुष्य सरळ हँडलवर गेलं त्याने पैसे टायरवर घालावेत. हँडल एक वेळ जुनंच राहू द्यावं.

पाणी आणि उजेड यांवर मात्र काटकसर नको. एप्रिलमध्ये पहाटे पाचला निघून दहाच्या आत परतायचं, तरी दोन मोठ्या बाटल्या कमी पडतात. तिसरी बाटली फ्रेमच्या पोटाखाली लावण्याची सोय बहुतेक ग्रॅव्हल बाइकला असते; गुरांच्या वाटेवर तिच्या तोंडाला काय लागतं हे लक्षात घेऊन झाकणवाली घ्यावी. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूर जिल्ह्यात आज गावोगावी जारचं पाणी मिळतं, चहाच्या टपरीवर बाटली भरून मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. उजेडाचा प्रश्न जास्त गंभीर. दिवाळीपासून पुढे मार्चपर्यंत उसाच्या गाड्या चालू असतात: एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, आणि पुष्कळदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि त्यावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेला डोक्याएवढे दगड मांडलेले. सोयाबीन उचललं जातं, दगड तिथेच राहतात. अंधारात ते दिसले तरच उपयोग, म्हणून पुढचा दिवा लांब झोत टाकणारा नव्हे, तर आठ-दहा मीटरवरचा रस्ता रुंद उजळणारा हवा. दाण्यांवरून सायकल नेऊ नये हे सांगायला नको. दाणे टायरखाली गोट्यांसारखे फिरतात, आणि ते कुणाच्या तरी वर्षाचं पीक असतं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, कारण सायकल कुठेही टेकवली की पहिला सवाल ठरलेला असतो, ‘दादा, केवढ्याला घेतली?’ 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तरी एका बऱ्या ग्रॅव्हल बाइकच्या पैशांत दोन-तीन हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलच्या बहुउपयोगी सायकली, येतात. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ग्रॅव्हल बाइक घे असं म्हणत नाही. डिस्क ब्रेकची, 700सी चाकांची, अडतीस-चाळीसचं टायर मावणारी हायब्रिड घ्यावी. मूळचं टायर काढून चांगलं टायर घालावं, मागे मोठ्या चकतीचा फ्रीव्हील किंवा कॅसेट लावावी. ती या भागातल्या बहुतेक वाटा पार पाडते. ज्यांच्याकडे जुनी 26 इंची, शॉकअप नसलेली लोखंडी एमटीबी धूळ खात पडलेली आहे त्यांनी तर आधी तीच बाहेर काढावी. तिच्या 559च्या चाकाला टायर-ट्यूब सगळीकडे मिळतात, आणि चिमट्यात चिखलाला जागा ग्रॅव्हल बाइकपेक्षा जास्त. स्वस्तातल्या शॉकअपच्या एमटीबीपासून मात्र लांब राहावं. तो शॉकअप दोन पावसाळ्यांत गंजून अडकतो आणि मग नुसतं दोन-अडीच किलोचं ओझं उरतं. ग्रॅव्हल बाइक शोभते ती दोन्ही जगांत राहणाऱ्याला: शनिवारी महामार्गाने लातूरहून अहमदपूर आणि रविवारी तिथून आडवाटेने कंधारचा किल्ला.

सोबतीला काय घ्यायचं ते वरच्या सगळ्यातून आलंच आहे. ट्यूब, बारीक रबरी पट्ट्या, पंप, पितळी टोपण, चेनची जोडकडी, षट्कोनी चाव्या, चिखल खरवडायला बोटभर लाकडी पट्टी. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू अडल्यावेळी तालुक्याच्या बाजारातून मिळवता किंवा भागवता येते. एकच येत नाही. मागचं डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या कानाने लटकतं तो हँगर. चाकात तुराटी शिरली किंवा सायकल उजव्या अंगावर पडली की पहिला तोच वाकतो, फ्रेम वाचावी म्हणून तो मऊच बनवलेला असतो. प्रत्येक कंपनीचा, कित्येकदा प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. नांदेडला दुसऱ्याचा मिळेल, आपला मिळणार नाही. सायकल घेतानाच दुकानदाराकडून दोन जादा मागून घ्यावेत, आणि एक सीटखालच्या पिशवीत कायमचा टाकून ठेवावा.